विमलची मान

चोपड्याजवळच्या एका शाळेत अभिमन सर खेळाचे मास्तर होते. लष्करात असताना ते भारताकडून परदेशात रग्बी खेळून आले होते, एवढंच गावाला ठाऊक. तो चेंडू त्यांनी शाळेत कधी आणला नाही. मुलींना ते कबड्डी शिकवत.

२०१३ च्या जानेवारीत, सरावात, नववीतली विमल चढाईला गेली. तिघींनी तिला धरलं आणि चौघीजणी एकदम कोसळल्या. तिघी उठल्या.

"सर, माझे पाय मला कळत नाहीत," विमल पडल्या पडल्या म्हणाली.

तिच्या डोक्याशी पालथं पडून सरांनी दोन्ही तळव्यांत तिचं डोकं धरलं. "मान हलवू नकोस, बेटा."

शेजारच्या केळीच्या बागेतून तिचे वडील रतिलाल धावत आले. "काय व्हयनं मनी पोरले?" पोरीला काय झालं, असं अहिराणीत विचारत ते तिला उचलायला वाकले.

"हात लावू नका, भाऊ."

"मनी पोर शे ती."

मग सरांनी बायकोलाही कधी न सांगितलेलं सांगितलं. "माझ्या रग्बीच्या संघातला जीवराम असाच पडला होता. मीच त्याला काखेत हात घालून उभं केलं. तो अजून खाटेवर आहे."

रतिलाल मागे सरकले.

सरांनी वर्गातला लाकडी फळा काढून आणायला लावला. सहाजणांनी विमलला न वाकवता त्यावर घेतलं, केळीच्या टेम्पोत ठेवलं. जळगावपर्यंत तिचं डोकं धरून बसलेल्या सरांना प्रत्येक खड्ड्याला वाटे, आत्ता हाताखाली काहीतरी मोडेल. ती डोळे मिटायची तेव्हा ते तिला पाढे म्हणायला लावत. सतराच्या पाढ्यात त्यांचाच आवाज फाटला.

दवाखान्यात मानेचे एक्स-रे फोटो काढले, तपासण्या केल्या. मणक्याला चीर होती, नस शाबूत होती. संध्याकाळी विमलनं पायाचा अंगठा हलवला. रतिलाल भिंतीला टेकून खाली बसले. सर मोरीत जाऊन ओकले.

तीन महिन्यांनी विमल शाळेत आली. तोवर सर मैदानाकडे फिरकले नव्हते. खेळाच्या तासाला ते गणित घेत. कबड्डी पुन्हा सुरू करा, असा मुलींनी मुख्याध्यापकांकडे अर्ज केला, पहिली सही विमलची.

दुसऱ्या दिवशी सर मैदानात उतरले. शिट्टी तोंडात धरली, पण फुंकर येईना.

"आज फक्त पडायचं कसं, ते शिकू," शिट्टी खिशात टाकून ते म्हणाले, आणि आधी स्वतः मातीत पडून दाखवलं.