हातमोज्याखालचं घड्याळ

चांगली वस्तू वापरायची म्हटलं की आमच्या बाबांच्या जिवावर येतं. नवा शर्ट कपाटात, नवा टॉवेल ट्रंकेत, आणि अंगावर मात्र ज्याने लादी पुसायलाही लाज वाटावी असं काहीतरी. म्हणून त्यांना उजेडावर चालणारं घड्याळ दिलं तेव्हाच मी बजावलं होतं, "याला सेल नाही. उजेड हेच याचं खाणं. रोज घाला." चार दिवस घातलं. मग मऊ फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून कपाटात ठेवलं. का, तर उन्हाने तबकडीचा रंग उडेल.

बाबा लाइनमन आहेत आणि मी सबस्टेशनची ऑपरेटर. घरी ते मला हुकूम सोडतात, कामावर मी त्यांची लाइन बंद-चालू करते, म्हणजे हिशेब बरोबर. त्या दिवशी दरीतल्या शेवटच्या खांबावरचा तडकलेला इन्सुलेटर बदलायचा होता. दरीत फोनला रेंज नाही. वायरलेस महिनाभर दुरुस्तीला गेलेला. जोडीदार तापाने फणफणलेला. "एका इन्सुलेटरला दोन माणसं कशाला?" म्हणत बाबा एकटेच निघाले होते.

नियम असा की लाइनमनने सही केलेली चिठ्ठी परत आल्याशिवाय लाइन चालू करायची नाही. पण दरीतून वर वळणापर्यंत यायला पंधरा मिनिटं, वळणावरून सबस्टेशनला वीस. तेवढा वेळ लोकांना अंधारात कशाला ठेवायचं, म्हणून आमच्याकडे वर्षानुवर्षं एक सोय चालत आलेली. सकाळी दोघांनी घड्याळं जुळवायची आणि वेळ ठरवायची. "एक वाजता लाव" म्हटलं की एकला पाच कमी असताना लाइनमन खाली उतरलेला असायचा. वर काम चालू असताना तारेला अर्थिंगची साखळी, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जावी; उतरायच्या आधी ती काढायची. आजवर कुणाचं काही झालं नव्हतं, म्हणून ती सोय चांगली ठरली होती.

बाबांचं जुनं घड्याळ आदल्या दिवशी बादलीत पडलं, तेव्हा कुठे डबा उघडला. आठ वाजता सबस्टेशनमध्ये माझ्या टेबलावर डब्यासकट आणून ठेवलं. घड्याळ चार दहावर बंद.

"बघ, तुझं न मरणारं घड्याळ," बाबा म्हणाले.

"मेलं नाही, उपाशी आहे. तुम्ही दोन वर्षं कोंडून ठेवलंत त्याला."

बाहेर मळभ होतं. मी टेबलावरचा दिवा खाली ओढून घड्याळ त्याच्याखाली धरलं. वीस मिनिटांनी सेकंदकाटा हलला, पण एकेक नाही, दोन-दोन सेकंदांची उडी मारत. बाबांना घाई होती, आणि खरं सांगायचं तर मलाही बढाई मारायची होती. बाजूचं बटण ओढलं, भिंतीवरच्या घड्याळाशी काटे जुळवले, बटण दाबलं.

"काटा उड्या मारतोय गं."

"भूक लागलीय म्हणून. वेळ बरोबर दाखवतं. बाहीच्या वर घाला, ऊन लागेल तसं सुधारेल."

"एकला?"

"एकला."

ते गेले. दहाला मी लाइन बंद केली, हँडलला कुलूप लावलं, किल्ली कमरेला. नेहमीचंच काम. जेवणाचा डबा खाल्ला, नोंदी केल्या. बारा वीसला हाताला दुसरं काही नव्हतं म्हणून घड्याळाच्या डब्यातली माहितीपुस्तिका उघडली.

काटा दोन-दोन सेकंदांनी उडतो, म्हणजे चार्ज संपत आला आहे, वेळ मात्र बरोबर आहे. इथवर मी शहाणी ठरले. पुढे लिहिलं होतं, पूर्ण बंद पडलेलं घड्याळ दिव्याखाली कित्येक तास किंवा उन्हात बराच वेळ ठेवल्याशिवाय वेळ लावू नये. उजेड गेला तर ते पुन्हा थांबेल. पुन्हा उजेड लागला तर आपोआप चालू होईल, पण वेळ मागे राहिलेली असेल. अशा वेळी काटा ओढाताण केल्यासारखा, कमीजास्त उड्या मारतो.

ऊन तर निघालं होतं. बाहीच्या वर घड्याळ, मग काय बिघडणार? असं स्वतःला सांगतेय तोच भिंतीवरच्या खुंटीकडे लक्ष गेलं. रबरी हातमोज्यांची खुंटी. रिकामी. ते मोजे कोपरापर्यंत येतात.

बाबा मोजे घालणार, घड्याळ अंधारात जाणार, थांबणार. घाम पुसायला मोजा काढला की ऊन लागून पुन्हा चालणार. काटा उड्या मारताना दिसला तर त्यांना वाटणार, सकाळी पोरगी म्हणालीच होती की. बंद घड्याळाकडे बघून माणूस निदान सावध होतो. हे चालत राहून खोटं सांगणार होतं, आणि खोट्यावर विश्वास ठेवायला मीच शिकवलं होतं.

किल्ली घेऊन धावत सुटावं असं वाटलं. पण बाकीचे तीन फीडर, म्हणजे गावांकडे जाणाऱ्या लाइनी, चालू होते. त्यांना वाऱ्यावर सोडून जाणं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या बाबांचा जीव टांगणीला लावणं.

एकला पाच कमी असताना साहेबांचा फोन. "एकला लागतेय ना लाइन? हॉस्पिटलच्या जनरेटरमध्ये पाऊण तासाचंच डिझेल उरलंय."

"साहेब, लाइनमन दिसल्याशिवाय लावणार नाही."

"वेळ ठरलीय ना?"

"त्यांच्या घड्याळाचा भरवसा नाही."

"घड्याळाचा? लाइनमन तुझे वडील आहेत म्हणून हे चाललंय का?"

त्यावर मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा साहेबाचा फोन मी आधी ठेवला.

एक वाजला. मी अंगणात जाऊन वळणाकडे बघत उभी राहिले. बाबा वेळेवर उतरले असते तर एक दहापर्यंत वळणावर दिसायला हवे होते. आत यायची, तिन्ही फीडरचे काटे बघायची, पुन्हा बाहेर. एक पाच. एक आठ. वळणावर कुणी नाही. पाय दुखला म्हणून रेंगाळले असतील, असं मन म्हणायचं. आणि लगेच, नाही, ते वरच आहेत.

एक दहाला साहेबांची गाडी धुरळा उडवत आत शिरली. साहेब उतरले ते हात पुढे करूनच.

"किल्ली."

"नाही देणार."

"हा हुकूम आहे. लेखी हवाय?"

"लेखी द्या. तरी नाही देणार. नियमात चिठ्ठी परत यायला लागते. चिठ्ठी आलेली नाही."

"आज नियम आठवला होय? रोज काय करता तुम्ही लोक?"

बोलणं खरं होतं, त्यामुळे जास्तच झोंबलं. "रोज चुकतो, साहेब. आज नाही चुकणार."

हॉस्पिटलमधून साहेबांच्या फोनवर फोन येत होते. डिझेलची गाडी निघाली आहे, पोचलेली नाही. वॉर्डात कुणी मशीनवर आहे. मी काही दगडाची नाही. पण मुठीतली किल्ली सुटेना. साहेबांनी एकदा माझं मनगट धरलं, मग स्वतःच ओशाळून सोडलं. "तू घरी बसणार आहेस, हे लक्षात ठेव," एवढंच म्हणाले.

एक वीस. एक पंचवीस. साहेब म्हणाले, "काही बरंवाईट झालं असेल तर लाइन बंद ठेवून तो वाचणार आहे का?" मी तोंड फिरवलं. इतकी घाबरले होते की रडायलाही येत नव्हतं.

एक पस्तीसला वळणावर लाल फडकं हललं. आमची खूण, माणूस लाइनवरून दूर आहे. मी दुर्बिणीतून पाहिलं. तीच वाकडी चाल, तीच खांद्यावरची शिडी. चिठ्ठी हातात यायला अजून वीस मिनिटं होती, पण माणूस डोळ्यांना दिसत होता. कुलूप मी उघडलं, हँडल साहेबांनी ओढलं. हॉस्पिटलला लाइन गेली. डिझेल आठ मिनिटांचं उरलं होतं, असं नंतर कळलं. साहेब तरी गेले नाहीत. लाइनमनला उशिराचा जाब विचारायला खुर्चीत बसून राहिले.

बाबा आत आले ते हसतच. "काय साहेब, आज खुद्द तुम्ही? बघा, उतरायचं ठरलं होतं एकला पाच कमी असताना, उतरलो एकला पाच कमी असतानाच." त्यांनी मनगट पुढे केलं. घड्याळात दीड वाजला होता.

मी भिंतीकडे बोट दाखवलं. एक पंचावन्न.

बाबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बाहीने काच पुसली. मग शिडी हळूच खाली ठेवून बाकावर बसले. बोटांवर काहीतरी मोजू लागले. मला त्यांना मिठीही मारायची होती आणि दोन थोबाडीतही द्यायच्या होत्या.

"पंचवीस मिनिटं मागे," ते म्हणाले. "माझ्या घड्याळातल्या पाऊणला मी अर्थिंगची साखळी काढली. काढल्यावर एक गाठ सैल दिसली. म्हटलं, एवढ्यासाठी पुन्हा साखळी कुठे लावायची? वेळ आहे. मोजे काढले, तार पोटाशी धरली आणि गाठ आवळली. पाच मिनिटं लागली असतील." ते थांबले. "पाऊण म्हणजे खरे किती?"

मी मनातल्या मनात पंचवीस मिळवले.

"एक दहा," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "एक दहाला मी इथे आलो. किल्ली मागितली."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि आधी साहेबांना दिलं.