शिक्का नसलेला सुरा

कारध्याच्या पुलाच्या भंडाऱ्याकडच्या तोंडाशी हवालदार श्यामरावांनी टिकारामची हातगाडी थांबवली, तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि ऊन चटके देऊ लागलं होतं. साल अठ्ठ्याहत्तर, एप्रिलचा मधला आठवडा. गाडीत चाळीस टरबुजं होती आणि त्यांच्यावर, कुणालाही दिसेल असा, टिकारामचा सुरा.

शहरात मारामारी झाली होती. कुणाच्या तरी पोटात चाकू गेला आणि कचेरीच्या फळ्यावर शस्त्रबंदीचा हुकूम लागला. पंधरा दिवसांचा होता. तो संपायच्या आत दुसरा पंधरा दिवसांचा लागला.

"हे काय गा?"

"टरबूज कापाचा सुरा हाये साहेब."

"टरबूज का माणूस, ते सुऱ्यावर लिहून हाये का?"

टिकारामने खरंच सुऱ्याकडे पाहिलं. वैनगंगेच्या रेतीत त्याची डांगरवाडी, म्हणजे टरबुजांची वाडी, होती आणि बावीस वर्षं तो हाच सुरा घेऊन पूल ओलांडत होता. भंडाऱ्यात टरबूज कुणी नुसतं वाजवून घेत नाही. विकणाऱ्याने चौकोनी फोड काढून आतला लाल रंग दाखवायचा, मगच गिऱ्हाईक पिशवी पुढे करतं.

"आज सोडतो," श्यामराव म्हणाले. "उद्या दिसला तर केस."

"मंग केवढा चालते साहेब?"

"ठाण्यात विचार."

ठाण्यात तो तीनदा गेला. एकाने सांगितलं, पातं नऊ इंचांच्या आत असेल तर हरकत नाही. दुसरा म्हणाला, नऊ इंच ते नेहमीच्या कायद्यात. बंदीच्या हुकमात इंच नाहीत. तिसऱ्याच्या मते सुरा धंद्याच्या जागी चालत होता, फक्त रस्त्याने नेता येत नव्हता.

"मंग तो जागेवर जाईन कसा?" टिकारामने विचारलं.

तिसऱ्याने चहाचा घोट घेत विचार केला. "ते हुकमात नाही," तो म्हणाला.

घरी धुरपताने, त्याच्या बायकोने, सगळं ऐकून घेतलं. "शहरातच ठेवून या ना कोनाच्या दुकानात."

"पानवाल्याले विचारलो. हात जोडले त्यानं."

"काट्याले शिक्का, वजनाले शिक्का," ती म्हणाली. "सुऱ्यालेच नाही काहून?"

टिकारामला ते पटलं. बाजारात जे जे तो हाताळत होता, त्या प्रत्येकावर सरकारी शिक्का होता आणि शिक्क्याच्या वस्तूवरून त्याला कधी कुणी टोकलं नव्हतं. त्याच आठवड्यात वजनमापाचे इन्स्पेक्टर कारध्याच्या ग्रामपंचायतीत बसले. टिकारामने काट्याबरोबर सुराही टेबलावर ठेवला.

"सुऱ्याला शिक्का नसतो बाबा."

"मोजून तरी द्या साहेब."

रांग मोठी होती. वाद घालण्यापेक्षा मोजणं सोपं, म्हणून साहेबांनी मोजलं आणि चिठ्ठीवर लिहिलं: पाते एकवीस सेंटिमीटर. खाली सही केली.

"इंचात लिवा ना."

"इंच सरकारने बंद केले. मी लिहिले तर माझीच चौकशी लागेल."

दुसऱ्या दिवशी पुलावर श्यामरावांनी चिठ्ठी दोन्ही बाजूंनी पाहिली. "एकवीस? नऊच्या आत पायजे."

"हे सेंटिमीटर हाये साहेब."

"मले इंच मालूम. आन् हा मापाचा कागद हाये, परवाना नाही." ते पहाटे पाचपासून उभे होते, आवाजात राग उरला नव्हता. "माह्यावर कायले टाकतेस गा? मी सोडलो आन् हाच सुरा शहरात कोनाले लागला, तर मलेच विचारतीन. इथं ठेव. जाताना घेऊन जा."

सुरा चौकीत राहिला. बाजारात दिवसभर एकच संवाद झाला. कापून दाखवा. आज सुरा नाही. मग टरबूज कायले आणले? चाळीसांपैकी छत्तीस संध्याकाळी परत पूल ओलांडून आले. वाडीतली शेवटची तोड आठ दिवसांत विकायची होती. त्यानंतरचं ऊन फळ वेलीवरच आंबवतं.

सकाळी टिकारामने सगळ्यात लांब टरबूज निवडलं, देठाकडून फोड काढली, सुरा मुठीसकट आत खुपसला आणि फोड परत बसवली. धुरपता पाहत होती.

"रोज एक फळ वाया."

"जाऊ दे."

"सापडले तर?"

"उघडा नेलो, तवा सापडलोच ना."

पुलावर श्यामरावांनी गाडी थांबवली. "सुरा?"

"घरी हाये."

"शहाणा झालास." जायला सांगता सांगता त्यांचा हात टरबुजांवरून फिरला आणि लांब फळावर थांबला. "हे काढून ठेव. घरी नेतो."

"ते कच्चं हाये साहेब."

बावीस वर्षांत टिकारामने आपल्या वाडीच्या फळाला कच्चं म्हटलं नव्हतं. त्याने दुसरं उचलून दिलं.

"लाल निघन ना?"

"निघन."

"कापून दाखव म्हटलो असतो," श्यामराव म्हणाले आणि टरबूज काखेत घेऊन सावलीकडे वळले.

पुलानंतरच्या चढावर गाडीच्या फळीतून लाल पाणी ठिबकू लागलं. टिकाराम थांबला, धोतराच्या सोग्याने त्याने फळी पुसली आणि पुन्हा गाडी ढकलू लागला.