रेस खाली बसेना

सिस्टर अनवाणीच धावत गॅरेजच्या दारात पोचली, तेव्हा विहीणबाई मोटारसायकलचं हँडल दोन्ही हातांनी आवळून उभ्या होत्या आणि गाडी जागच्या जागी किंचाळत होती. मूठ सोडून दिली तरी इंजिनाचा आवाज उतरत नव्हता, उलट चढतच चालला होता. फळीवरचे डबे थरथरत होते.

"लांब राहा!" विहीणबाई ओरडल्या. "रेस अडकलीय!"

त्यांनी हँडलवरचं बटण दाबून धरलं. गाडीने दोन उचक्या दिल्या आणि गप्प झाली. त्या शांततेत एक स्क्रूड्रायव्हर फळीवरून घरंगळत आला आणि खणकन खाली पडला.

विहीणबाईंनी मनगटाने कपाळ पुसलं. कपाळावर काळा पट्टा उमटला. मग समोर कोण उभं आहे हे ध्यानात आलं आणि त्या क्षणात यजमानीण झाल्या.

"अगंबाई, तुम्ही कशाला उठलात? बसा ना आत. चहा आणू?"

सिस्टरला हसावं की रडावं कळेना. 'बसा ना' हे शब्द या घरात आल्यापासून तिने इतके ऐकले होते, की आता झोपेतही ते कानावर यायचे.

सारी हयात दवाखान्यात गेलेली बाई. वॉर्डातले रोगी तिला सिस्टर म्हणायचे, मग शेजारीपाजारी म्हणू लागले, आणि शेवटी नवराही त्याच नावाने हाक मारायचा. तो गेला, पाठोपाठ नोकरी संपली, तशी मुलीने आणि जावयाने टुमणं लावलं, एकटी कशाला राहतेस, आमच्याकडेच ये कायमची. जावयाची आई त्याच घरात होती. आधी थोडे दिवस राहून बघते, म्हणत सिस्टर आली. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. इथे तर एका घरात दोन विहिणी होत्या.

भांडण झालं असतं तर एक वेळ बरं. विहीणबाई जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या, उंचपुऱ्या, आणि नको इतक्या अदबशीर. सिस्टरने भाजी निवडायला घेतली की हातातली सुरी हळूच काढून घेत. जेवण झालं की ताट उचलू देत नसत. मुलगी आणि जावई कामावर गेले की दोघी दोन खोल्यांत बसायच्या. भिंतीपलीकडून एकीचा खोकला ऐकू आला की दुसरी पंखा कमी करायची, इतकं सगळं सभ्य. सिस्टरने मनाशी ठरवून टाकलं होतं, की इथे आपलं काही काम नाही. बॅग भरून दाराआड ठेवली होती. आज मुलीला सांगायचं आणि आपल्या घरी जायचं.

पण आता पुढ्यात एक रोगी होता, आणि रोगी समोर दिसत असताना आत जाऊन चहा पिणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

"कधीपासून होतंय हे?" तिने विचारलं.

"काय?"

"हेच, आवाज चढायचं."

"महिना झाला असेल."

"गार असताना होतं, की तापल्यावर?"

विहीणबाईंनी मान वळवली. मागच्या बाकावरच्या गप्प मुलीने अचानक हात वर करावा, तशा त्या बघत राहिल्या. "तापल्यावर. सुरुवातीला अगदी शहाण्यासारखी चालते. चांगली गरम झाली की डोकं फिरतं तिचं."

"औषधपाणी काय काय झालं?"

विहीणबाईंना हसू फुटलं. आणि एकदा हसल्यावर त्यांना सांगितल्यावाचून राहवेना.

गाडी त्यांच्या मुलापेक्षा वयाने मोठी होती. शेजारचे एक काका घर सोडून जाताना ती तुकड्यातुकड्यांत मागे ठेवून गेले होते. निवृत्त झाल्यावर विहीणबाईंनी एकेक तुकडा धुतला, पुसला, जोडला. मुलगा समजत होता, आई नुसती पुसत असते. मग मागच्या आठवड्यात त्या फेरी मारून परत येताना रेस वरच राहिली आणि गाडी त्यांना घेऊन थेट कुंपणात शिरली. खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण मुलगा भडकला. त्याने कुणाला तरी सांगून ठेवलं. तो माणूस रविवारी गाडी घेऊन जायला येणार होता.

"तो काळजीनेच म्हणतो," विहीणबाई म्हणाल्या. "तेच तर वाईट. रागाने म्हणाला असता तर भांडले असते."

सिस्टर तिथेच एका उपड्या बादलीवर बसली. आल्यापासून पहिल्यांदा ती कुणी 'बसा' न म्हणता बसली होती.

"मला दाखवा तरी, आत होतं काय."

विहीणबाईंनी दाखवलं. मूठ पिळली की केबल ओढली जाते. केबल कार्बोरेटरमधला दट्ट्या वर उचलते, आणि जितका तो वर तितकी गाडी पळते. मूठ सोडली की स्प्रिंग त्याला खाली दाबते. दट्ट्या वरच राहिला, तर गाडीला वाटतं, बाईंना अजून पळायचंय.

"आणि ठीक असताना?"

"खाली बसताना टक् असा वाजतो."

त्यांनी बंद गाडीची मूठ पिळली आणि सोडली. दोघींनी कान दिले. काही वाजलं नाही.

केबल विहीणबाईंनी नवी घातली होती. मूठ काढून, पुसून, तेल देऊन झालं होतं. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवलं, केबल कुठे दबत नव्हती. स्प्रिंगसुद्धा बदलली होती. राहिला होता कार्बोरेटर. तो त्यांनी फडक्यात धरून सोडवला, रॉकेलने धुतला आणि दट्ट्या आत सोडला.

टक्.

"अरे! वाजला की!"

"हातात असला की वाजतोच," विहीणबाई वैतागून म्हणाल्या. "दहादा काढला असेल मी. हातात शहाणा, आणि गाडीवर चढवला की ये रे माझ्या मागल्या."

"मग चढवताना तुम्ही त्याला काय करता?"

"काय करणार? बसवते, दोन नट लावते, आवळते."

"आवळून दाखवा बघू."

विहीणबाईंनी कार्बोरेटर जागेवर बसवला आणि पाना घेतला. पान्याच्या दांड्यात पाइपाचा एक तुकडा खुपसला आणि भिंतीला पाय लावून सगळं अंग त्यावर टाकलं. नट कुरकुरला. सिस्टर बादलीवरून उठलीच.

"अहो! एवढं?"

"एकदा भर रस्त्यात एक नट गळून पडला होता. गाडी ढकलत आणली, ऊन मी म्हणत होतं. तेव्हापासून मी काही ढिलं ठेवत नाही. दर रविवारी सगळं एकदा आवळून घेते."

"मी पेशंटचं बँडेज असं बांधलं असतं, तर बोटं काळीनिळी पडली असती हो त्याची."

विहीणबाई पाइप तसाच हातात धरून थबकल्या. त्यांची नजर कार्बोरेटरवर खिळली. एका बाजूचा नट, दुसऱ्या बाजूचा नट, आणि मध्ये दट्ट्याची गोल नळी.

"दोन्हीकडून ओढलं," त्या सावकाश म्हणाल्या, "की मधला गोल चपटा होणार. थोडासाच. गार असताना दट्ट्या कसाबसा निसटणार, तापून फुगला की अडकणार." मग त्या मटकन जमिनीवर बसल्या आणि खो खो हसत सुटल्या. "पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे हे सांगून सांगून माझा घसा बसला हो, आणि माझ्याच गॅरेजात मला दिसू नये?"

सिस्टरही हसायला लागली. का, ते तिला नीट कळलं नव्हतं, पण हसणाऱ्या माणसाला एकटं सोडायचं नसतं.

नट सैल केले. विहीणबाईंनी मूठ पिळली, सोडली. टक्. अर्धा फेरा आवळला. टक्. आणखी थोडा. टक्. आणखी थोडा, आणि आवाज गेला.

"मागे!" सिस्टर ओरडली. "मागे घ्या!"

टक्.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. बाळाने पहिलं रडू फोडावं असा तो आवाज होता, आणि सिस्टरने तसं रडणं पुष्कळ ऐकलं होतं.

पुढचं काम वेळखाऊ होतं. ओढून ओढून कार्बोरेटरची इंजिनाला टेकणारी बाजू वाकली होती. एका काचेवर पॉलिशपेपर पसरून ती घासून सपाट करायची होती. विहीणबाईंनी सवयीने ते स्वतःकडे ओढलं. मग सिस्टरच्या हातांकडे त्यांचं लक्ष गेलं. ते आपसूक पुढे आले होते आणि तसेच थांबले होते. विहीणबाईंनी काच तिच्या मांडीवर ठेवली.

"घाई नको," त्या म्हणाल्या. "गोल गोल. वजन सगळीकडे सारखं पडू दे."

सिस्टर घासू लागली. दुपार कलली. चहाची आठवण दोघींनाही झाली नाही. विहीणबाईंनी डबे उपसून नटांखाली घालायला स्प्रिंगचे वॉशर शोधले, म्हणजे न आवळताही नट जागचा हलणार नाही. मधूनच त्या कार्बोरेटर कोऱ्या काचेला टेकवून उजेडात धरायच्या आणि म्हणायच्या, "अजून या कोपऱ्यात उजेड दिसतोय," आणि सिस्टर मान डोलावून पुन्हा घासायची. तिच्या नखांत काळं साचलं. मान भरून आली. ती गुणगुणत होती, हे तिच्या कितीतरी वेळाने ध्यानात आलं.

सगळं जोडून झाल्यावर गाडी सुरू केली, चांगली तापू दिली. विहीणबाईंनी मूठ पुरी पिळली. आवाज छपराला जाऊन भिडला. मूठ सोडली, तसा तो एका दमात खाली उतरला आणि इंजिन संथ धुगधुगत राहिलं.

"बसता का मागे?"

"मी?"

"मग काय मी इथे शेजाऱ्यांना विचारतेय?"

मुलीचे बूट सिस्टरच्या पायात बसले, जावयाचं हेल्मेट डोक्यावर डुगडुगलं. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत तिने डोळे मिटून घेतले होते. मोठ्या रस्त्याला लागल्यावर उघडले. पाण्याची टाकी, बेकरी, छापखान्याची लांब भिंत, सगळं मागे पळत होतं. वळण आलं, विहीणबाईंनी मूठ सोडली आणि गाडी शिकवलेल्या घोड्यासारखी हळू झाली. "बसली!" त्या पुढून ओरडल्या. "रेस बसली!" पुढच्या प्रत्येक वळणावर दोघी मिळून ओरडल्या. एका माणसाने सायकल थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. सिस्टरने त्याला हात केला.

कालव्याच्या पुलावर विहीणबाईंनी गाडी उभी केली. तापलेलं इंजिन टिकटिकत गार होऊ लागलं. खाली पाणी हिरवं आणि संथ होतं.

"बॅग भरलीत ना?" विहीणबाई पाण्याकडे बघत म्हणाल्या. "केर काढताना दिसली दाराआड. विचारणार होते. पण पाहुण्याला, कधी जाता, असं कसं विचारायचं?"

सिस्टरने हेल्मेट काढलं. केस चपटे झाले होते. "जायचं म्हणून नव्हती भरली. राहून करू काय, म्हणून भरली. तुम्ही मला चमचासुद्धा उचलू देत नाही."

विहीणबाई खरोखरच चकित झाल्या. "मला वाटलं, जन्मभर उभी राहिली ही बाई. रात्रपाळ्या काढल्या, दुसऱ्यांची दुखणी काढली. आता माझ्या घरात तरी बसू दे सुखाने."

"बसून बसून मुंग्या आल्या हो पायांना!"

विहीणबाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. पुलावरून जाणाऱ्यांना कठड्याला टेकून हसणाऱ्या दोन म्हाताऱ्या दिसल्या असतील, एकीच्या कपाळावर काळा पट्टा.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. जावयाने पहिला घास घेण्याआधीच नाक फेंदारलं. "रॉकेलचा वास कुठून येतोय? आज काय केलंत दोघींनी दिवसभर?"

"काही नाही," दोघी एकदमच म्हणाल्या.

मुलीने आईच्या नखांकडे पाहिलं, सासूच्या कपाळाकडे पाहिलं, आणि खाली मान घालून घास चावत राहिली. तिच्या गालाला खळी पडली होती.

"आणि हे बघ," विहीणबाई मुलाला म्हणाल्या, "रविवारच्या त्या माणसाला येऊ नको म्हणून कळव. गाडी बरी झालीय. जेवण झालं की स्वतः मूठ पिळून बघ, मग बोल."

"पण आई, पुन्हा जर..."

"पुन्हा काही झालं, तर घरात नर्स आहे."

जावयाने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर गंभीर चेहऱ्याने भात कालवत होती. त्याने भाजीचा घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. विहीणबाईंनीही चाखून पाहिली.

"अळणी झालीय. लक्षच नव्हतं माझं." त्यांनी समोर पाहिलं. "मीठ आण गं जरा आतून."

जावयाचा हात वाटेतच थांबला. मुलगी गडबडीने अर्धवट उठली. "मी आणते ना, आईला बसू दे..."

"तू जेव. ती आणतेय."

सिस्टर केव्हाच स्वयंपाकघरात पोचली होती. मीठ कुठे ठेवतात हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती एकेक कपाट उघडत होती, आत डोकावत होती, आणि एकही दार लावून घेत नव्हती.