शंभरावी पैज

मी एक वही बोलतेय. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. माझी पानं थरथरतायत असं वाटलं, तर वाऱ्याला दोष देऊ नका. खिडकी बंद आहे. मला भीती वाटतेय.

माझा जन्म झाला तो कचेरीतल्या आवक-जावक नोंदींसाठी. पण माझे मालक तिथून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि जाताना मला पिशवीत घालून घेऊन आले. उभ्या नोकरीत त्यांनी केलेली ही एकमेव चोरी. तीही पचेना, म्हणून माझ्या शेवटच्या पानावर त्यांनी ‘एक वही, कोरी, मिळाली’ अशी पोच लिहून खाली सही ठोकली.

घरी आल्यावर कळलं, माझ्यात घोड्यांच्या शर्यती नोंदवायच्या आहेत. मालकांची एक पद्धत होती. मागच्या शर्यतीत थोडक्यात दुसरा आलेला घोडा तोच स्वार घेऊन पुन्हा उतरला, की त्याच्यावर पैज लावायची. पहिल्या पानावर लाल शाईत नियम होता : ‘दर शंभर पैजांनी बेरीज करावी. तोटा आल्यास पद्धत कायमची बंद. सबब चालणार नाही.’

पहिल्या दोन शंभरांत नफा झाला. बाईसाहेब, म्हणजे मालकांची बायको, म्हणाल्या, “कचेरीत जन्मभर बढती मिळाली नाही. घोड्यांनी दिली बाई एकदाची!”

तिसऱ्या शंभरात चित्र पालटलं. घोडे पूर्वीइतकेच जिंकत होते, पाचांत एक. पण पूर्वी एका रुपयाला सहा मिळायचे, आता जेमतेम तीन. मालकांची युक्ती आणखी बऱ्याच जणांना सुचली होती. कुठल्या घोड्याला किती भाव मिळाला, त्या रकान्यात हे स्वच्छ दिसत होतं. मालक मात्र जिंकलेल्या घोड्यांपुढच्या खुणा मोजायचे आणि म्हणायचे, “पद्धत शाबूत आहे.”

एक्क्याण्णवावी पैज हरली आणि त्यांनी पुढे बारीक अक्षरात लिहिलं, ‘मैदान ओले. गणनेत धरू नये.’ पुढची हरली. ‘स्वारास पडसे. गणनेत धरू नये.’ कचेरीत निकाल लावायची धास्ती वाटणारं प्रकरण ते असंच शेरा मारून उघडं ठेवायचे. पैजा होत राहिल्या, गणना नव्वदवर अडून बसली. शंभर कधी भरलेच नाहीत. बुडणाऱ्या माणसाने पाण्याची खोलीच मोजू नये, तसं चाललं होतं, आणि मोजपट्टी मी होते.

मग काल त्यांनी माझ्या पानांत एक जाड पाकीट ठेवलं. बाईसाहेबांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे. सोमवारी भरायचे होते. पाकिटावर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘शनिवार, चार पैजा.’ मी पानं घट्ट मिटून घ्यायचा प्रयत्न केला. वहीला तेवढंच जमतं, तेही जमत नाही.

आज शनिवार. सकाळी बाईसाहेब इस्पितळाचा नंबर शोधत होत्या. टेबलावर मी होते. त्यांनी मला उघडलं, पाकीट पाहिलं, मग उभ्याउभ्या पानामागून पान वाचत गेल्या. मालक बूट घालून बाहेर आले.

“अहो, ‘गणनेत धरू नये’ म्हणजे काय?”

“तुला नाही कळायचं ते. मैदान ओलं होतं.”

“पैसे कोरडे परत आले का?”

मालक बुटाची नाडी पुन्हा बांधू लागले.

“बसा. मी वाचते, तुम्ही बेरीज करा. ओली, सुकी, पडशाची, सगळी धरून.”

“अगं, उशीर होतोय मला.”

“गुडघा माझा दुखतोय आणि घाई तुम्हाला? बसा म्हटलं ना.”

ते बूट घालूनच बसले. त्या एकेक ओळ वाचत गेल्या, ते आकडे मांडत गेले. शंभर केव्हाच उलटून गेले होते. एकशे सदतिसाव्या पैजेला पान संपलं. मालकांनी बेरीज केली, मग खालून वर केली. दोन्ही वेळा पहिल्या दोन शंभरांचा सगळा नफा गेलेला, आणि वर घरातले पैसेही.

“मला ठाऊक होतं गं,” ते म्हणाले. “पण हे बंद केलं तर सकाळी उठून मी करायचं काय? याचीच भीती वाटते.”

बाईसाहेबांनी पाकीट पदराखाली घेतलं आणि म्हणाल्या, “गुडघ्याचं झालं की मला रोज चालायला न्यायचं. आधी पाच पावलं, मग दहा. त्याची नोंद ठेवा.”

मालकांनी लाल शाईत ‘बंद’ लिहिलं. अनुस्वार ओळीबाहेर गेला.

आता घरात कुणी नाही. दोघं पैसे आजच भरायला गेलेत. माझी साठेक पानं अजून कोरी आहेत आणि तीच मला घाबरवतात. ते जिन्यावरून परत येतील तेव्हा त्यांच्या हातात पावती असेल की उद्याच्या शर्यतींचं पत्रक, मला माहीत नाही. वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिच्यात हरलेलंही तितक्याच मोठ्या अक्षरात लिहा. तिला ओरडता येत नाही.

जिन्यावर पावलं वाजतायत. एकाची भरभर. दुसरं पाऊल मागे, ओढत. आणि आता भरभर येणारं पाऊल थांबलंय, मागच्यासाठी.