खिडकीची धूळ

सकाळचे ऊन आधी खिडकीच्या चौकटीवर येई, तिच्या नव्या पांढऱ्या रंगावर जरा रेंगाळे, मग जमिनीवर उतरून इंचाइंचाने पाळण्याकडे सरके. त्या तिरप्या पट्ट्यात धुळीचे कण इतके संथ तरंगत, की घड्याळजीला वाटे, काळ डोळ्यांना दिसलाच तर असा दिसेल. त्याची वर्षभराची लेक मुंगी ते कण मुठीत पकडू पाही आणि मूठ तोंडात घाली. तो कौतुकाने पाहत राही.

आज त्याने तिकडे पाहिले नाही. लहान मुलांच्या तपासणीत मुंगीच्या बोटातून घेतलेल्या थेंबात शिसे सापडले होते. हात नीट धुतले नसले तर आकडा फुगतो, असे सिस्टर म्हणाल्या होत्या, आणि बुडत्याने काडी धरावी तसे ते वाक्य त्याने आठवडाभर धरून ठेवले होते. नंतर दंडाच्या शिरेतून पुन्हा रक्त घेतले गेले. त्याचा निकाल आज होता.

"आकडा खराच निघाला," दवाखान्यात सिस्टर म्हणाल्या.

"नळाचं पाणी असेल. नाहीतर शेजाऱ्यांनी दिलेली रंगीत खेळणी," तो म्हणाला.

"झालं! आता शेजारी," बायको म्हणाली. "नाचता येईना, अंगण वाकडं."

"घर जुनं आहे का? एवढ्यात कुठला रंग खरवडलात?" सिस्टरांनी विचारले.

"खिडकीचा," बायकोच म्हणाली. "ह्यानंच. पण धूळ उडू नये म्हणून ओली करून घासली. मी बजावलंच होतं. हो ना रे?"

मुंगी त्याच्या मांडीवर बसून चष्मा ओढत होती. तो तिची बोटे एकेक करून सोडवू लागला.

"दादा, दोष द्यायला विचारत नाहीये," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "जुन्या रंगात शिसं असायचं. पण तुम्ही नळ म्हणालात, तर आम्ही नळ तपासत बसू, आणि ही रोज तीच धूळ खात राहील. वाढत्या मेंदूला ते बाधतं."

"बोल ना," बायको म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

पाणी म्हणजे घड्याळाचा काळ, हे त्याच्या हातांत वीस वर्षे मुरलेले. भिजले की लाकूड फुगेल, एवढेच रंग खरवडताना त्या दुपारी त्याच्या मनात आले होते. चौकटीच्या खाचांतली पूड त्याने घड्याळे साफ करायच्या रबरी फुग्याने फुंकून काढली होती.

खिडकी त्याने कोरडीच घासली होती. पाळणा तिच्याखाली होता आणि मुंगी त्यात झोपलेली होती.