चारशे बारा दारं

मी कुलपांचा मिस्त्री. चव्वेचाळीस वर्षं हेच काम करतोय, आणि या कामात मला कुणी शहाणपण शिकवलेलं चालत नाही. बायको म्हणते, तुमचं डोकंच गंजलंय, त्यात जरा तेल सोडा. असेल गंजलेलं. पण दाराला कुठलं कुलूप हवं हे गिऱ्हाईक मला सांगायला लागलं, की मी त्याला सरळ दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवतो.

माझ्याकडे एक वही असायची. बसवलेल्या प्रत्येक कुलपाचं माप तिच्यात. किल्लीची कुठली खाच किती खोल, असे सहा आकडे आणि शेजारी घराचा पत्ता. कुणाची किल्ली हरवली की आकडे बघायचे आणि दहा मिनिटांत नवी कापून द्यायची, कुलूप तोडायला नको. अशी चारशे बारा घरं होती. वहीची पानं सुटायला लागली तेव्हा मुलीनं सगळं घरच्या कॉम्प्युटरवर चढवून दिलं आणि वही मी स्वतःच्या हातानं जाळली. म्हटलं, भलत्याच्या हाती पडायला नको. केवढा हुशार मी!

मुलगी लग्न होऊन लांब गेली. कॉम्प्युटर अडला तर तिथूनच दुरुस्त करता यावा म्हणून तिनं बाहेरून आत शिरायची सोय करून ठेवली. पासवर्ड चांगला लांबलचक ठेवू म्हणत होती. मीच खेकसलो, की मला लक्षात राहील असा ठेव. मग ठेवलं दुकानाचं नाव, दर तिसऱ्या दुकानाला असतं तसं देवाचं, आणि पुढे एक-दोन-तीन.

गेल्या आठवड्यात त्या कॉम्प्युटरचा पंखा दिवसभर घरघरायला लागला. कुणी हात लावलेला नसतानाही पेटी तापायची. शेवटी दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं. माझ्या मुलीच्या वयाच्या, बोलणं मोजकं. त्यांनी अर्धा तास काही तपासलं आणि विचारलं, बाहेरून यात कोण येतं? मी म्हटलं, आमची लेक, दुसरं कोण येणार? त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

पडद्यावर ओळी सरकत होत्या. एक गेली की दुसरी, लगेच तिसरी. मी चष्मा पुसून पुन्हा लावला. बाई म्हणाल्या, यातली प्रत्येक ओळ म्हणजे कुणीतरी आत्ता तुमचं दार उघडायला बघतंय. आज सकाळपासून बारा हजारांच्या वर झाल्या.

मला आधी राग आला. माझ्यावर एवढा डूख कोण धरून बसलंय, असं विचारलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, तुम्हाला कुणी ओळखत नाही. ही यंत्रं आहेत. जगभर घरोघर ती अशीच फिरतात आणि एकही दार सोडत नाहीत."

मी बघतच राहिलो. माझ्या हिशेबात चोर म्हणजे माणूस. त्याला भूक लागते, भीती वाटते, कुत्रं भुंकलं की तो पळतो. त्याच्या या सवयींवरच माझा धंदा उभा होता. आणि इथे थकवा नाही, वैर नाही, घाईसुद्धा नाही. आमच्या घरात बायको भाजी निवडत होती, शेजारी रेडिओ लागला होता, आणि अख्खं जग आमची कडी हलवून बघत होतं, तेही आवाज न करता. खरं सांगतो, भीतीपेक्षा अचंबाच जास्त वाटला. बाईंनी भिंतीजवळची वायर उपसली, तेव्हा कुठे ओळी थांबल्या.

मग मी विचारायला नको तेच विचारलं. कुणी आत आलं होतं का?

आलं होतं. अकरा दिवसांपूर्वी, दुपारी अडीचला. त्या वेळी मी त्याच खोलीत आडवा झालो होतो. आत शिरून कुणीतरी एक प्रोग्रॅम ठेवून गेलं होतं. तोच आमच्या कॉम्प्युटरला परक्याच्या कामाला जुंपत होता, म्हणून तो पंखा. आणि माझी यादी? बाई म्हणाल्या, ती नेली असेल असं वाटत नाही, पण नेली नाही अशी शपथ मी घेणार नाही.

त्यांनी ती बाहेरची सोय बंद केली, सगळं पुसून नव्यानं बसवलं आणि चार असंबद्ध शब्दांचा लांब पासवर्ड ठेवायला लावला. हीच यंत्रं यावर धडका देत बसली तर तुमची नातवंडं म्हातारी होतील, म्हणाल्या. लोखंडाचा एक कणही नसलेलं कुलूप! मी मनातल्या मनात हात जोडले.

मुलगी फोनवर रडली, मग समजावायला लागली. "बाबा, ते आकडे कसले हे कुणाला कळणारसुद्धा नाही. गप्प बसा. लोक तुम्हाला दारात उभं करणार नाहीत." आठवडाभरापूर्वी मीही हेच म्हटलं असतं. पण कोण कशाला बघेल, असं आता कुठल्या तोंडानं म्हणू? मी त्या ओळी बघितल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पिशवी उचलली आणि आधी यादीतल्या एका नर्सबाईंकडे गेलो. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. नर्सबाई ड्यूटीवर गेल्या की म्हातारी आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये माझं एक कुलूप, बस्स. मी काही लपवलं नाही. वही, पासवर्ड, दुपारचे अडीच, सगळं उंबऱ्याबाहेर उभा राहून सांगितलं.

त्यांनी एकदा आतल्या खोलीकडे पाहिलं. कुलूप बदला, एवढंच म्हणाल्या. मी किल्लीच्या खाचांशी जुळणाऱ्या आतल्या पिना बदलल्या, दोन किल्ल्या कापल्या. दोन्ही त्यांनी हातात घेतल्या.

"मिस्त्री, याचे आकडे तुमच्याकडे नकोत."

"नाही ठेवणार."

दार लागलं. आतून किल्ली फिरली, दोन वेळा, मऊ, जशी फिरायला हवी तशी. मी जिन्यात उभा होतो. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच मी बसवलेल्या एका दाराची किल्ली मला करता येणार नव्हती. चारशे बारा घरांनी आपली दारं माझ्या मुठीत दिली होती आणि मला त्याचं ओझं कधी जाणवलंच नव्हतं. डोळे भरून आले. ते पुसले आणि समोरच्या घराची बेल दाबली.