यात लाल किती

टाचणीचं डोकं पूर्ण गोल नव्हतं. एका बाजूला किंचित चेपलेलं होतं आणि त्या चेपलेल्या जागी खिडकीचा उजेड तांदळाच्या कणीएवढा होऊन बसला होता – अमृतनं संगणकाच्या पडद्यावरचं चित्र आणखी मोठं केलं, तरी ते फुटेना, विरेना. टाचणीच्या गळ्याशी राखाडी कापडाचे धागे दिसू लागले, मग धाग्यांवरची लव, मग... सविताच टोचून गेली असणार. मागच्या कापडाला सुरकुती पडली की ती ओठांत टाचण्या धरून यायची, आणि तशीच बोलायचीही. ते बोलणं फक्त त्याला कळायचं.

"हा एकशेवीसचा मॅक्रो," शेजारी उभा राहून रॉबिन म्हणाला. "जवळचं टिपायला याच्यासारखी लेन्स नाही, अमृतभाऊ. माशीचे पाय मोजा."

"माश्या कोण नेसतं? मला साड्या टिपायच्यात," अमृत म्हणाला, आणि रॉबिन हसला. बऱ्याच महिन्यांनी आपण काहीतरी हसण्यासारखं बोललो, हे अमृतच्या मागाहून ध्यानात आलं.

रॉबिनचं नगरला कॅमेऱ्यांचं दुकान. सकाळीच तो गाडीत पेट्या घालून राहात्याला आला होता आणि स्टुडिओतल्या लांब टेबलावर त्यानं दोन कॅमेरे मांडले होते – एक स्वीडनचा, एक जपानचा. दोन्ही मीडियम फॉरमॅट. म्हणजे ज्या तुकड्यावर उजेड पडून चित्र उमटतं तो तुकडाच आपल्या नेहमीच्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी मोठा. येवल्याच्या एका जुन्या, ओळखीच्या पेढीला आपल्या निवडक पैठण्यांचे फोटो हवे होते, भिंतीएवढे छापायला, धागा न् धागा वाचता येईल असे. सोमवारी काम सुरू व्हायचं होतं. अट एकच घातली होती त्यांनी – छापलेल्या चित्राशेजारी साडी ठेवू, रंगात फरक दिसता कामा नये. आणि रॉबिनकडे दुसरं गिऱ्हाईक थांबलेलं असल्यामुळे दोनांतला एक कॅमेरा आज संध्याकाळी परत जायला हवा होता.

लेन्स निवडायला अमृतला तासभरही लागला नाही. पदरावरच्या मोराच्या गळ्यातला वळसा, जरीचा एक एक टाका, त्यासाठी एकशेवीसचा मॅक्रो. अंगावर नेसलेल्या साडीसाठी ऐंशीची, कारण तिच्यात मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं आणि चुणी तेवढी धारदार राहते. मात्र इतक्या मोठ्या कॅमेऱ्यात धारेची जागा फार चिंचोळी, पापणी साधली तर नाकाचा शेंडा सुटतो, म्हणून लेन्सची झडप जरा मिटूनच घ्यावी लागेल. पंचेचाळीसची नको, रुंद लेन्स कडेचं ताणते आणि काठ वाकडा दिसला की विणकराला आपली चूक वाटते. हे सगळं तो भराभर बोलला. रॉबिन माना डोलवत ऐकत होता. उजेड, सावली, धार – यांत अमृतला कुणी अडवू शकत नव्हतं. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या पायऱ्या त्याला डोळे मिटूनही उतरता येत. प्रश्न पुढचा होता.

"आता बॉडी," रॉबिन म्हणाला. त्यानं दोन्ही कॅमेऱ्यांनी काढलेलं एकाच साडीचं चित्र पडद्यावर शेजारी शेजारी लावलं. "धार दोघांची सारखीच धरा. फरक आहे तो रंगात. बघा, किती उघड आहे."

अमृतनं पाहिलं. डावीकडे साडी होती, उजवीकडेही साडी होती.

"हूं," तो म्हणाला.

हे 'हूं' त्यानं आयुष्यभर घासून घासून गुळगुळीत केलं होतं. लाल आणि हिरवा त्याच्या डोळ्यांना वेगळे कळत नसत. पिकलेलं डाळिंब आणि त्यामागचा पाला त्याला एकाच मातकट कुळातले भाऊबंद वाटत. शाळेत असताना झेंडा रंगवायला बसला तेव्हा मुलं हसली होती, तेव्हापासून त्यानं ते कुणाला कळू दिलं नाही, आणि वडिलांनी स्टुडिओत उभं केलं तेव्हा जग बरंचसं काळंपांढरंच छापलं जात होतं... सविताला मात्र लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीलाच कळलं. काळी म्हणून त्यानं तिला साडी आणली, ती निघाली गर्द लाल. ती चिडली नाही, रडली नाही. बालवाडीत शिकवायची ती. उत्तर न येणाऱ्या मुलाकडे पाहावं तसं तिनं त्याच्याकडे पाहिलं, म्हणजे अगदी आनंदानं – हा आता मला शिकवायला मिळणार, अशा डोळ्यांनी.

आणि शिकवलं. रंग दाखवून नव्हे, ते तर व्यर्थच होतं. ती त्याला वस्तू द्यायची. हा आमसुली, म्हणायची, जिभेवर आमसूल ठेव, आंबट लागून मागून गोड येतं ना, तसा हा लाल आहे, मागून येणारा. हा पिकल्या पेरूच्या आतला. हा विटेचा, भट्टीतून काढल्यावर हात लावता येत नाही तेव्हाचा. हा उसाच्या कोंबाचा हिरवा, आणि हा शेवाळी, पाय घसरेल असा. एका दिवशी एकच रंग. दुसरा मागितला तर म्हणायची, आधीचा पचू दे. पुढं स्टुडिओत साड्यांचं काम येऊ लागलं तेव्हा ती साडी हातात धरून पडद्यापुढे बसे आणि तो विचारी, यात लाल किती? ती सांगे, चिमूटभर काढ. अजून. आता फार काढलास, घाबरली ती. आणि तो तिच्या शब्दांमागून आकडे सरकवत जाई. लोक म्हणत, रंग पाहावा तर अमृतच्या स्टुडिओत. ती शेजारी उभी राहून ऐकायची, तोंडातल्या टाचण्यांसकट हसायची.

ती गेल्यापासून त्यानं पासपोर्टचे फोटो काढले, साखरपुडे दुसऱ्यांकडे वळवले. आकडे होते, रंगांची चौकडी छापलेला पुठ्ठाही होता. पण आकडे कॅमेऱ्यानं काय पाहिलं ते सांगतात, साडी काय आहे ते कुठं सांगतात? त्यातून ही पैठणी धूपछाव, उभ्या धाग्यात एक रंग आणि आडव्यात दुसरा. इकडून पाहिली तर एक आणि तिकडून पाहिली तर दुसरी, असं रॉबिन मघापासून कौतुकानं सांगत होता. अमृतला दोन्हीकडून एकच साडी दिसत होती, तिन्हीसांजेच्या रानासारखी.

"तुला कुठला बरा वाटतो?" त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"माझ्यावर नका जाऊ," रॉबिन म्हणाला. "मी विकणारा. डोळा तुमचा."

मग रॉबिनलाच सुचलं – याच पेढीच्या साड्यांचे आधी काढलेले फोटो असतील, त्यांनी पसंत केलेले. ते शेजारी लावले म्हणजे कुठला कॅमेरा मूळ रंगाच्या जवळ जातो ते आपोआप दिसेल. अमृतनं जुना साठा उघडला. पसंत झालेल्या चित्रांबरोबर चाचणीचे फोटोही होते. चाचणीचे फोटो कुणी पाहत नाही. उजेड जुळवण्यापुरते ते. त्यांत सविता असायची, साडी नुसती खांद्यावर टाकून, घरचा गाऊन खाली दिसतोय, कंटाळलेली, जांभई अर्धी गिळलेली. एक उघडला तेव्हा अमृतचा हात जरा थबकला, पण रॉबिन वाकून पाहू लागला होता.

"हे बघा," रॉबिन म्हणाला, "म्हणून मी म्हणत होतो जुना कॅमेरा बदला. साडी ठीक आली आहे, पण माणसाच्या कातडीतला लाल याला जमलेला नाही. वहिनींचे ओठ बघा ना. कागदासारखे आलेत."

"हूं," अमृत म्हणाला.

"थांबा, दुसरा एखादा काढा. आधीचा."

अमृतनं आधीचा काढला, दोनेक वर्षं मागचा. तीच जागा, तोच उजेड, सविता कुणाला तरी दारात थांब म्हणून हात दाखवते आहे. रॉबिननं तो पाहिला. मग परत पहिला. मग पुन्हा हा.

"कॅमेरा... हाच होता का तेव्हा?"

"हाच. लेन्सही हीच."

रॉबिन सरळ उभा राहिला. बराच वेळ तो साडीची घडी उगाच नीट करत राहिला. मग गाडीतून चार्जर घेऊन येतो म्हणाला आणि बाहेर गेला. चार्जर टेबलावरच होता.

अमृत पडद्यापुढे बसून राहिला. त्याच्यापुढे दोन सविता होत्या आणि दोन्ही सारख्याच होत्या. तोच जिवणीचा कोपरा, तीच हनुवटीवरची खळी, गालाच्या उतारावर तोच मऊ राखाडी. त्यानं जुन्यापासून अलीकडे एक एक चित्र उघडत आणलं. कुठंच काही घडत नव्हतं. मग नवऱ्यानं नव्हे, कारागिरानं करावं तसं त्यानं माऊसचा बाण तिच्या ओठावर नेला. कोपऱ्यातले रंगांचे आकडे हलले... आणि त्यानं डोळे मिटून घेतले. कारण आकडे त्याला कळले असते.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी बोटानं ओढून पाहिली होती. म्हणाल्या होत्या, अहो, हे किती दिवसांचं आहे, घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? हाडांतच रक्त बनेनासं झालं होतं. घरात म्हणजे कोण? लेक सृष्टी कॉलेजला नगरला, हॉस्टेलवर. घरात मीच. दिवसातून दहा वेळा काचेतून तिच्याकडे पाहणारा, तिच्या पापणीचा केस मोजू शकणारा मी.

आणि बाहेरच्यांच्या तरी लक्षात कसं येणार? शेजारच्या कडूबाईनं एकदा भर रस्त्यात तिला धरलं होतं – "या वयात लाली लावून कुठं निघाली गं बया? नवरा फोटुवाला हाय म्हनून काय हिरॉईन व्हनार व्हय?" सविता हसून म्हणाली होती, व्हनार की, तुमी बी या संगं. अमृत मोटारसायकलवर बसलेला होता. त्याला तिचे ओठ जरा काळपट दिसले होते, एवढंच. आणि हिला अशात हे काय सुचलं, म्हणून गंमत वाटली होती. घरी आली की ती मोरीत जाऊन तोंड धुवायची. रोज. बाजारात लाली, देवळात लाली, सृष्टी सुट्टीला आली की लाली. फक्त त्याच्यापुढे तिनं कधी लावली नाही. त्याच्यापुढे गरज नव्हती. अख्ख्या जगात एकच माणूस असा होता की ज्याच्यासमोर तिला पांढरं होता येत होतं... लपली ती. माझ्याच डोळ्यांत लपली, तिथं कुणी शोधणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

असं म्हटलं की कुठंतरी टेकायला जागा मिळत होती. ते बरं होतं. पण त्याला ती दुपारही आठवत होती, थंडीतली. ती साडी खांद्यावर टाकून उभी होती आणि तो उजेड मोजायचं मीटर धरून तिच्या गालाजवळ वाकला होता, आणि ती एकदम म्हणाली होती –

"मी कशी दिसतेय हो?"

कधी विचारलं नव्हतं तिनं असं. आणि तो म्हणाला होता, "डावीकडून उजेड कमी पडतोय." त्यावर ती डावा गाल उजेडाकडे करून वळली होती. सगळ्या साड्यांबद्दल विचारलं मी तिला, यात लाल किती, त्यात किती. तिच्याबद्दल एकदाही नाही. आणि तिनं विचारलं तेव्हा ती लपत होती, की सापडायला म्हणून समोर येऊन उभी राहिली होती? न येणाऱ्या मुलाला बाई शेवटचं एकदा विचारून पाहतात, येईल कदाचित, म्हणून...

"पप्पा, चला ना. भाकरी गार होतेय. रॉबिनकाका तिथं अंगणात का उभे आहेत नुसते? त्यांनाही बोलवा."

सृष्टी दारात उभी होती. परीक्षा संपवून आली होती, आठवडाभर झाला. दारातला उजेड तिच्या कपाळावरून गालावर, गालावरून मानेवर पायरी पायरीनं उतरत होता. भुवईतला केस न् केस वेगळा, ओठांवरच्या बारीक भेगा, वरच्या ओठाची सावली. सगळं दिसत होतं. आठवडाभर दिसत होतं. रंग तेवढा दिसत नव्हता.

"सृष्टी, तुझे ओठ कसे आहेत?"

"कसे म्हणजे? आहेत तसे आहेत." ती हसली. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिचं हसू उतरलं. "काय झालं पप्पा?"

"रंग सांग."

"लालसर. गुलाबी म्हणा. का हो?"

लालसर, गुलाबी. ती नावं कोरड्या बियांसारखी पुढ्यात पडली; त्यांना चव नव्हती, त्यांत भट्टीची धग नव्हती की पेरूचा गर नव्हता.

"तसं नको," तो म्हणाला. "मला ते रंग दिसत नाहीत, पोरी. कधीच दिसले नाहीत. कशासारखे आहेत ते सांग."

ती पलीकडच्या आरशापाशी गेली, बल्ब लावला आणि वाकून स्वतःकडे पाहू लागली – आजवर जे नुसतं असायचं ते आता कुणाला तरी समजावून द्यायचं आहे, अशा मुद्रेनं, कपाळाला आठी घालून. शब्द शोधत होती. सापडत नव्हता, तिनं मान हलवली, पुन्हा पाहिलं. अमृत थांबून होता. मागे दोन्ही कॅमेरे उघडे पडले होते आणि त्याला त्यांचं काही वाटत नव्हतं. ती जे सांगेल ते आपल्याला खरं धरावं लागेल, पडताळून पाहायला दुसरं काहीच नाही, एवढंच त्याला कळत होतं – आणि हेही, की तिची आईसुद्धा त्याला कधी खोटं सांगत नव्हती, फक्त न विचारलेलं तिनं सांगितलं नव्हतं.